‘किशोर’चे जुने अंक: पाचवी ते आठवीच्या वाचनपेटीसाठी कितपत कामाचे?

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या शाळेला पुस्तकाचं दुकान म्हणजे तालुक्यातलं वह्या-गाइडचं दुकान. तिथं एवढा साठा हाती येणं मोलाचं आहे. पण सरसकट अंक पोरांपुढे ठेवले तर ते पडून राहतात. निवड करावीच लागते.

गोष्टींची बाजू भक्कम. पहिली दोन पानं वाचा. तेवढ्यात काहीच घडत नसेल, नुसता उपदेश चालला असेल, तर पुढची गोष्ट बघा. मग एक पान मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. पाच शब्दांवर अडखळलं तर ती गोष्ट सध्या बाजूला ठेवा. घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी ही कसोटी सैल करा. नाहीतर आठवीच्या पोराच्या हाती दुसरीची गोष्ट येते, त्याला लाज वाटते आणि वाचन सुटतं. त्याला विषय त्याच्याच वयाचा द्या, फक्त लांबी कमी.

माहितीच्या लेखांत डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आधी अंकाचं साल पाहा. ऑगस्ट १९८२ पूर्वीच्या नकाशात गडचिरोली जिल्हा नसणारच, तो तेव्हा चंद्रपुरात होता. वाशीम १९९८ चा, गोंदिया १९९९ चा. २००६ आधीच्या लेखात प्लूटो नववा ग्रह असणार. असे लेख फेकू नका. वरच्या कोपऱ्यात ठळक साल लिहा आणि तेव्हापासून काय बदललं ते सातवी-आठवीला शोधू द्या.

सापाच्या लेखाला मात्र सूट नाही. कुठल्याही मासिकात वा पुस्तकात ‘चीर द्या, रक्त चोखा, करकचून बांधा’ असं दिसलं की ते पान पेटीत जाता कामा नये. पावसाळ्यात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, निंदायला जाणारी पोरं छापलेलं खरं मानतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं नीट ओळखू येतील अशी चित्रं आणि ‘हालचाल न करू देता लगेच दवाखाना’ एवढं सापाच्या लेखात हवंच.

खरी अडचण वाचायच्या सोयीची आहे. पानं मासिकाच्या आकाराची, त्यामुळे मोबाइलवर सारखं मोठं करून सरकवावं लागतं. छापलेलंच बरं. झेरॉक्सवाला कागद वाचवायला एका बाजूवर दोन पानं बसवतो, मग अक्षर बारीक होतं. ‘एका बाजूला एकच पान, पाठपोट’ असं बजावून सांगा. पक्ष्यांची, नकाशांची पानं काळ्या-पांढऱ्यात निव्वळ काळी येतात, तेवढीच रंगीत काढा. डावीकडे दीड सेंटिमीटर सोडून दाभणानं तीन भोकं पाडून दोऱ्यानं शिवा. पिना पावसाळ्यात गंजून कागद खातात.

चाळीस गठ्ठ्यांच्या पेटीत पंचवीस गोष्टींचे, पंधरा माहितीचे असू द्या. गोष्टींना हात न लावणारी मुलं यंत्रं, प्राणी, कोडी यांवरून वाचनाला लागतात. कोड्यांचं पान छापताना उत्तरांचं पान त्याच अंकात कुठं आहे ते शोधून सोबत जोडा.