जीएनयू गेटटेक्स्ट : मराठी संदेशफाइलींसाठी भरवशाचा तपासनीस

गनोम हा डेस्कटॉप असो वा संकेतस्थळे बनवणारे वर्डप्रेस, मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणाऱ्यांचा पीओ फाइलींशी, म्हणजे संदेशांचे अनुवाद साठवणाऱ्या फाइलींशी, रोजचा संबंध येतो. मूळ इंग्रजी संदेश आणि त्याखाली मराठी संदेश, दोन्ही सरळ दुहेरी अवतरणचिन्हांत, अशी या फाइलींची मांडणी असते. १९९५ पासून उपलब्ध असलेल्या जीएनयू गेटटेक्स्ट या मोफत संचातील साधने या फाइली तपासतात, एकत्र करतात आणि प्रोग्रॅमला वाचता येईल अशा एमओ फाइलीत रूपांतरित करतात. टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन काम करण्याची तयारी असेल, तर मराठी अनुवादकाने हा संच जरूर वापरावा.

संचातील सर्वांत मोलाचे साधन म्हणजे पीओची एमओ फाइल बनवणारे एमएसजीएफएमटी, मात्र ते ‘चेक’ हा पर्याय देऊनच चालवावे. मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद या क्रमामुळे संदेशातील बदलत्या जागांचा (जिथे प्रोग्रॅम ऐनवेळी नाव किंवा आकडा भरतो आणि ज्या टक्क्याच्या चिन्हाने दाखवतात) क्रम इंग्रजीपेक्षा वेगळा ठेवावा लागतो आणि त्यासाठी टक्क्याच्या चिन्हापुढे क्रमांक व डॉलरचे चिन्ह लिहिण्याची सोय आहे. मराठी कळफलक चालू असताना तिथे 1 ऐवजी १ उमटतो आणि नुसत्या डोळ्यांना त्यात काही वावगे दिसत नाही. एमएसजीएफएमटी ही चूक ओळ क्रमांकासह दाखवते. ‘५०% पूर्ण’ अशा संदेशात टक्क्याचे चिन्ह बदलती जागा समजले जाऊ नये म्हणून ते दोनदा लिहावे लागते. ते राहिले, तर तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. अर्थात त्या नोंदीवर ‘सी-फॉरमॅट’ अशी, संदेशात सी भाषेच्या पद्धतीच्या बदलत्या जागा आहेत हे सांगणारी, खूण असली पाहिजे. ती नसेल तर ही तपासणी होतच नाही.

अवतरणचिन्हांच्या बाबतीत मात्र ही साधने तितकीशी मदत करत नाहीत. संदेशाच्या आत सरळ अवतरणचिन्ह हवे असेल, तर त्याआधी बॅकस्लॅश (\) द्यावा लागतो. तो विसरला की मजकूर तिथेच संपला असे मानले जाते आणि वाक्यरचना चुकल्याची मोघम तक्रार येते. बॅकस्लॅश राहिला आहे, हे नवख्या अनुवादकाला त्यावरून उमगणे कठीण आहे. याहून वाईट प्रकार रिकाम्या अवतरणांचा. समजा, अनुवादकाने "नाव "" असे रिकामे ठेवू नये" अशी ओळ लिहिली. लागोपाठ आलेले अवतरणातील तुकडे जोडून एकच संदेश करायचा, हा या फाइलींचा नियम असल्यामुळे येथे दोन तुकडे बिनतक्रार जोडले जातात आणि वापरकर्त्याला ‘नाव  असे रिकामे ठेवू नये’ एवढेच दिसते. म्हणून मराठी संदेशांत “ ” ही छापील वळणाची चिन्हे वापरावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यांना बॅकस्लॅश लागत नाही आणि मराठी वाचकाला पुस्तकांतून त्यांचीच सवय असते.

तुकडे जोडण्याच्या याच नियमामुळे लांब संदेश अनेक ओळींत मांडता येतो, हा मोठा फायदा आहे. पडद्यावर नवी ओळ हवी असेल तेथे बॅकस्लॅश आणि एन लिहायचे. फाइलीतील ओळ कुठे मोडली याला काही अर्थ नसतो. मूळ संदेशाच्या शेवटी अशी नवी ओळ असेल आणि मराठीत ती राहिली, तर एमएसजीएफएमटी ते चूक म्हणून दाखवते. या काटेकोरपणाबद्दल मला कौतुक वाटते.

तक्रार आहे ती ओळी आपोआप मोडण्याबद्दल. फाइली एकत्र करणारे एमएसजीकॅट आणि जुना अनुवाद नव्या मूळ संदेशांशी जुळवणारे एमएसजीमर्ज ही साधने सुमारे ८० स्तंभांच्या मर्यादेत ओळी पुन्हा रचतात, त्यामुळे लांब परिच्छेदातील एक शब्द बदलला तरी पुढच्या सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात आणि दुसऱ्याचे काम तपासणाऱ्याला नेमका बदल शोधत बसावे लागते. ‘नो-रॅप’ हा पर्याय दिल्यास हे थांबते, पण तो गटातील प्रत्येकाने दिला पाहिजे. एकाने जरी वगळला, तर त्याच्या हातून गेलेली फाइल पुन्हा मोडलेल्या ओळींनिशी परत येते.