वाढते वजन आणि साखर: अनुभवी सोबती की रुग्णालयातील आहारसल्ला?

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासाठी ओलान्झापिन हे औषध घेणाऱ्या भावाचे वजन वाढत असल्याने त्याला जिल्हा रुग्णालयात आहारसल्ल्यासाठी न्यावे, की अशाच आजारातून सावरलेल्या सोबत्याबरोबर रोज चालायला पाठवावे, असा प्रश्न लातूर जिल्ह्यातील एका ताईंनी विचारला आहे.

खर्चाचे म्हणाल, तर खेड्यातून रुग्णालय गाठताना एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी जड जाते. सातत्याच्या बाबतीत मला सोबती निःसंशय सरस वाटतो. औषधाने येणारी सुस्ती आणि अनावर भूक त्याने स्वतः भोगलेली असल्याने ‘आज निदान मारुतीच्या पारापर्यंत जाऊ’ हे त्याच्या तोंडून उपदेशासारखे वाटत नाही. रक्तातील साखर, चरबी आणि रक्तदाब मात्र तपासूनच कळतात, आणि औषध कमी करण्याचा सल्ला सोबत्याने कधीही देऊ नये.

घराबाहेर पडणेच अवघड झालेल्यास आधी सोबती मिळवून द्यावा. साखर वाढलेली असल्यास किंवा घराण्यात मधुमेह असल्यास आधी रुग्णालय गाठावे.