बारा बोअरची दुनळी: काही महिने वापरल्यानंतर

धक्का किती लागतो, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. भरपूर लागतो. जड काडतुसांचं एक पाकीट संपवलं की दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा डाग उमटतो. आधी लालसर, मग जांभळा, पुढे पिवळट. केस विंचरायला हात वर नेला की जाणवतो. आणि एवढं होऊनही पुढच्या रविवारची मी मनापासून वाट बघते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात ते सविस्तर लिहिते, कारण बंदूक घ्यायला निघालेल्या माणसाला बहुतेक जण यातली एकच सांगतात.

बंदूक भारतीय बनावटीची आहे. शेजारीशेजारी दोन नळ्या, दोन चाप, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, वजन तीन किलोच्या आसपास. आप्पांच्या परवान्यावर ती वर्षानुवर्षं आमच्या घरी होती. रानडुकरं उसात शिरली की हवेत बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. आप्पांनी सत्तरी ओलांडली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे अशा वेळी कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. भावाला नको होती, मला हवी होती. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं रीतसर झालं. वेळ लागतो, पण कागद पूर्ण असले की काम होतं.

मी कोल्हापूरची, त्यामुळे नेमबाजी मला नवी नव्हती. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं. या गावात पोरं क्रिकेटच्या बॅटीइतक्याच सहजपणे एअर रायफलबद्दल बोलतात. मीही दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल धरायला शिकले आणि नंतर पॉइंट टू-टूवर, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या गोळीच्या रायफलीवर, बरीच गोळ्यांची पाकिटं संपवली. पण ही सगळी शांततेची नेमबाजी. श्वास रोखायचा, दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधायची आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा. बंदूक जागची हलत नाही. साडेपाच किलोच्या पॉइंट टू-टू रायफलीच्या धक्क्याची ऊर्जा काढली तर एक ज्यूलचा दहावा भागही भरत नाही.

बारा बोअरचं गणित करून बघा. नळीच्या व्यासाचे शिशाचे 12 गोळे मिळून एक पौंड भरतात, ते बारा बोअर. म्हणजे जवळजवळ साडेअठरा मिलिमीटरचं तोंड. त्यातून 24 ग्रॅम छरे सेकंदाला चारशे मीटरच्या वेगानं बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत डाट (दारू आणि छरे यांच्यामधलं बूच) आणि जळालेल्या दारूचा वायूही. तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. तीन किलोच्या बंदुकीत धक्का साधारण 22 ज्यूलचा होतो. छरे 24 ऐवजी 36 ग्रॅमचे घेतले की तोच आकडा 45 च्या आसपास जातो. छरे दीडपट, धक्का दुप्पट! कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हे आकडे मी वहीत मांडले तेव्हा खांद्याला जे कळलं होतं ते डोक्यालाही कळलं. जड बंदूक का बरी आणि हलकी बंदूक खांद्यावर मिरवायला छान असली तरी मारायला का वाईट, तेही यातच आलं.

आता सुखाचं सांगते. यंत्रातून हवेत फेकलेली तबकडी सुटते, तीच आमचं निशाण. नारिंगी, हाताच्या पंजाएवढी, शंभर-एकशेपाच ग्रॅमची. तिला मातीची म्हणतात, पण ती डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते. ती वर जाताना नळी तिच्या मागून निघते, तिला गाठते, जरा पुढे जाते, आणि चाप दाबला जातो. त्यानंतरचं जे काही आहे ते एअर रायफलीत कधीच मिळालं नाही. आवाज कानात नाही, छातीत होतो. गालाचं हाड, खांदा, पाठ, पुढच्या पायाची टाच, सगळ्यांतून एकच लाट जाते. नळी वर उसळते आणि तिच्या टोकापलीकडे तबकडीच्या जागी काळ्या भुकटीचा ढग असतो. बंदूक बिजागरीवर वाकवून उघडली की नळीतून धूर येतो, दारूचा तो जरा गोडसर, जरा जळका वास. अंगातला प्रत्येक स्नायू त्या क्षणी हजर असतो. दिवसभर हिशेबाच्या पडद्यासमोर बसणाऱ्या मला असं पूर्णपणे हजर असणं दुसरीकडे कुठं मिळत नाही. ताकद मला आवडते. माझ्या हातात असलेली, मी जबाबदारीनं धरलेली ताकद. हे बाईनं म्हटलं की लोक जरा थांबतात. थांबू देत.

आमच्या रेंजवर शिकवायला सैनिक टाकळीचे एक निवृत्त सुभेदार येतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, “पोरी, बंदूक खांद्यावर ठेवायची न्हाई, खांद्यात बसवायची. ती मागं येणारच. तू ढिली ऱ्हायलीस तर ती मारती, घट्ट ऱ्हायलीस तर नुसती ढकलती.” मारणं आणि ढकलणं यांतला हा फरक म्हणजे या बंदुकीचा निम्मा अभ्यास. दस्ता आणि खांदा यांत बोटभर फट राहिली, तर त्या फटीत बंदुकीला वेग मिळतो आणि ती आदळते. फट नसेल तर ती तुमच्या सगळ्या वजनाला सोबत घेऊन मागे सरकते. डावा पाय पुढे, वजन त्याच्यावर, नाक त्या पायाच्या अंगठ्याच्या वर, उजवं कोपर वर उचललेलं, म्हणजे गळ्याचं हाड आणि खांद्याचा सांधा यांच्यामध्ये एक खळगा तयार होतो. दस्ता त्या खळग्यात बसवायचा. लाल मातीत उभा असलेला पैलवान समोरच्याचा रेटा घ्यायला जसा आधीच पुढे झुकून असतो, तसंच हे.

उभं राहणं जमल्यावरही जे दुखतं, ते बंदुकीच्या मापाचं दुखणं असतं, आणि इथं मला खूप शिकायला मिळालं. जुन्या बंदुकांचे दस्ते उंच, लांब हाताच्या पुरुषांच्या मापाचे असतात. मला तो लांब पडत होता, त्यामुळे टोक खळग्यात न बसता दंडाकडे सरकायचं. शिवाय दस्त्याचं खालचं टोक छातीच्या वरच्या भागात रुतायचं. पुरुषांना हा त्रास होत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. परवानाधारक कारागिराकडून दस्ता कापून घेतला, तळाचा कोन बदलून खालचं टोक जरा बाहेर काढलं आणि जाड रबरी पॅड बसवलं. पॅडची जाडी धरूनच लाकूड कापायचं असतं, नाहीतर लांबी होती तेवढीच राहते. अंतर्वस्त्राचा पट्टा नेमका पॅडखाली येतो आणि त्याची कडी हाडात घुसते. त्यावर उपाय म्हणजे रुंद पट्ट्याचं, कडी नसलेलं स्पोर्ट्‌स वापरणं. साधी गोष्ट आहे, पण पॅडइतकाच आराम हिनं दिला.

दुसरं दुखणं मधल्या बोटाचं. दुनळीला चाप दोन. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. पुढचा दाबला की बंदूक मागे येते आणि चापाभोवतीची लोखंडी कडी मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटते. तिथली सूज खांद्याच्या डागापेक्षा जास्त दिवस टिकते. कडीच्या मागच्या बाजूला रबरी आवरण घातल्यावर हा प्रश्न संपला. गालाचं दुखणं मात्र आवरणानं जात नाही. गाल लाकडाला घट्ट टेकलेला हवा. घाबरून डोकं वर उचलणाऱ्याला लाकूड खालून येऊन लागतं आणि तबकडीही हुकते.

या सगळ्या दुरुस्त्यांनंतर राहिला तो धक्का खरा. 24 ग्रॅमच्या काडतुसांवर आता डागही पडत नाही, संध्याकाळी खांदा फक्त जड वाटतो. ट्रॅपच्या, म्हणजे नेमबाजापासून दूर उडत जाणाऱ्या तबकड्या मारायच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हीच 24 ग्रॅमची मर्यादा असते आणि पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात, प्रत्येकीला दोन बारांची मुभा. मानवजित सिंग संधू 2006 साली याच प्रकारात विश्वविजेता झाला. श्रेयसी सिंगनं 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत डबल ट्रॅपचं, म्हणजे एका वेळी दोन तबकड्यांच्या प्रकाराचं, सुवर्ण घेतलं. एवढे बार खांद्यावर घेऊन शेवटच्या तबकडीपर्यंत मन स्थिर ठेवणं काय असतं, ते माझ्या मनाला आता कुठे उमगू लागलंय.

दचक या विषयावर थोडं. धक्का येणार हे शरीराला माहीत झालं की ते आधीच तयारी करतं. डोळा मिटतो, खांदा पुढे झटकतो, नळी खाली जाते. हे आयत्या वेळी कळत नाही, कारण बार उडण्याच्या गोंधळात सगळं झाकलं जातं. मामा म्हणूनच बंदुकीत काडतुसं स्वतः घालतात आणि मध्येच एखादं खोटं काडतूस घालतात. बार उडत नाही, आणि नळी खाली गेली की नाही ते सगळ्यांना दिसतं. वेदना जास्त झाली की दचक वाढते, म्हणून सहन करत राहणं हा शहाणपणा नाही. जड काडतुसांनी सुरुवात करायला लावणाऱ्या हौशी मित्रांना मी आता सरळ नको म्हणते. नवख्या पोरीच्या हातात जड काडतूस देऊन गंमत बघणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. एक चांगली नेमबाज त्या एका बारात कायमची जाते.

काडतुसांबाबत एक गोष्ट जिवाची आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडून उघडल्यानंतरची असते. त्यामुळे 70 मिलिमीटरचं काडतूस 65 मिलिमीटरच्या जुन्या कोठीतही (नळीचा मागचा, काडतूस बसण्याचा भाग) बसतं, आणि उडताना तोंड उघडायला जागा न मिळाल्यानं दाब धोकादायक वाढतो. घरातली वडिलोपार्जित बंदूक वापरायला काढणार असाल तर आधी कोठीचं माप आणि नळीवरच्या चाचणीच्या खुणा जाणकाराकडून तपासून घ्या. माझी 70 ची निघाली. चापांची यंत्रणाही उघडून बघायला लावली, कारण झिजलेल्या दुनळीत धक्क्यानं दुसरा बारही सोबतच सुटू शकतो. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं आपल्याकडच्या जुन्या परवानाधारकांना पाठ असतात. काडतुसावरचा छऱ्याचा क्रमांक जेवढा मोठा तेवढा छरा बारीक, एवढं नव्यांनी लक्षात ठेवावं. तबकडीला बारीक छरा लागतो.

कानांना मात्र अजिबात सवलत देऊ नका. बार उडाल्याचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो आणि 140 लाच कायमची इजा होऊ शकते. मी आत बोळे आणि वर मफ असं दोन्ही घालते. आप्पांना आता टीव्हीचा आवाज मोठा लागतो, त्यांच्या काळी कानात कापूससुद्धा कुणी घालत नव्हतं. हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा बोटं बधिर वाटली तर त्या दिवसापुरतं थांबायचं, आणि पुन्हा तसं झालं तर डॉक्टर गाठायचे. ते स्नायूचं नाही, मज्जातंतूचं लक्षण असतं.

पावसाळ्यात इथली हवा बंदुकीला सोसत नाही. रेंजवरून आल्यावर गजाला चिंधी लावून नळ्या पुसायच्या, तेलाचा हलका हात द्यायचा आणि ती चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही. चामडं ओल धरतं आणि नळीवर तांबडे ठिपके येतात. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची सूचना येते, तेव्हा सराव बंद. पावती जपून ठेवा. आणि लग्नात बार काढायला बोलावणाऱ्या पाहुण्यांना सांगा की शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला दोघांनी विचारलं, दोघांनाही नाही म्हटलं. खंडेनवमीला तिची पूजा होते, तेवढा मान पुरे आहे.

ही बंदूक कुणी घ्यावी? ज्याला शांत, मोजून-मापून नेम हवा त्यानं पॉइंट टू-टूच धरावी. कोल्हापुरात त्यासाठी उत्तम माणसं आहेत. ज्याला हलत्या निशाण्यामागे पूर्ण अंगानं जायचंय आणि मापाची कामं करून घ्यायचा धीर आहे, त्याला, किंवा तिला, दुनळी मनापासून सुचवते. स्पर्धेचं ध्येय असेल तर एकावर एक नळ्यांची, जरा जड बंदूक बघावी. तिचा धक्का सरळ मागे येतो आणि दुसरा बार लवकर जुळतो. मी मात्र अजून आप्पांचीच वापरणार आहे.

36 ग्रॅमची काडतुसंही सोडलेली नाहीत. सराव सगळा 24 वर होतो, खांदा शाबूत असतो, आणि मग शेवटी दोन्ही नळ्यांत एकेक जड काडतूस घालते. मामा लांबूनच ओरडतात, “घट्ट!” मी पुढच्या पायावर वजन टाकते आणि तबकडी मागते.