ऑलिव्ह तेल: लावून धुण्यासाठी उत्तम, लावून ठेवण्यासाठी बेताचे

स्वयंपाकाखेरीज ऑलिव्ह तेलावर जितक्या कामांची जबाबदारी टाकली जाते, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या तेलावर टाकली जात असेल. कोरडी त्वचा, निस्तेज केस, कानातला मळ, डाग पडलेले लाकूड, करकरणाऱ्या बिजागऱ्या, चामड्याचे बूट, बोटांचे ठसे उमटलेले स्टील, अशा प्रत्येक तक्रारीवर कोणी ना कोणी हेच तेल सुचवते. स्वयंपाकाचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवून, घरात आणि अंगावर वापरायची एक वस्तू एवढ्याच नात्याने या तेलाचे परीक्षण येथे केले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: जिथे तेल लावून, त्याचे काम झाल्यावर ते धुऊन किंवा पुसून काढायचे असते, तिथे ऑलिव्ह तेल उत्तम ठरते, जिथे ते लावून तसेच ठेवायचे असते, तिथे ते बहुतेक वेळा निराशा करते आणि काही ठिकाणी नुकसानही करते.

याचे कारण तेलाच्या घडणीत आहे. ऑलिव्ह तेलातील मेदाम्लांपैकी, म्हणजे तेल ज्यांपासून बनते त्या आम्लांपैकी, साधारण ५५ ते ८३ टक्के भाग एकट्या ओलेइक आम्लाचा असतो, आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट पापुद्रा तयार करणारी बहुअसंपृक्त मेदाम्ले त्यात तुलनेने कमी असतात. म्हणून जवसाच्या तेलासारखे ते सुकत नाही. पृष्ठभागावर ते ओलसरच राहते, धूळ धरून ठेवते, आणि कालांतराने खवट होऊन चिकट बनते. हाच गुण विरघळवण्याच्या आणि सरकवण्याच्या कामात मात्र उपयोगी पडतो, कारण तेल लगेच उडून जात नाही आणि त्याला काम करायला पुरेसा वेळ मिळतो.

या विरघळवण्याच्या कामांत सर्वांत समाधानकारक अनुभव लेबलांचा आला. काचेच्या बरणीवरचे कागदी लेबल ओरबाडून काढल्यावर मागे जो चिकट थर राहतो, तो साबण आणि पाण्याला दाद देत नाही, कारण तो पाण्यात विरघळणारा नसतो. त्यावर तेलाचा पातळ थर देऊन पंधरा-वीस मिनिटे थांबले, की तो मऊ पडून बोटानेच गोळा होतो, आणि उरलेला तेलकटपणा भांडी घासायच्या साबणाने निघून जातो. काच, चिनी माती, स्टील आणि कडक प्लास्टिक यांवर ही युक्ती निर्धोक आहे. कागद, कापड किंवा पॉलिश नसलेले लाकूड यांवर मात्र ती करू नये, कारण तिथे गोंद जाईल आणि तेलाचा डाग राहील. हाताला लागलेला तेलरंग, त्वचेला चिकटलेले झाडाचे राळेसारखे द्रव, बोटात अडकलेली अंगठी आणि केसांत गुंतलेले च्युइंगगम यांच्या बाबतीतही निकाल असाच चांगला येतो. ज्यांना हातांवर टर्पेंटाइन वापरणे नको वाटते, त्यांनी रंगकामानंतर आधी तेल चोळून मग साबण लावावा. साबणाच्या आधी पाणी लावले तर रंग पसरतो.

मेकअप उतरवण्यासाठीही या तेलाला मी चांगले गुण देईन. पाण्याने न निघणाऱ्या मस्कारात आणि गडद लिपस्टिकमध्ये मेण, तेले आणि पाण्याला न जुमानणारी संयुगे असतात, आणि ती सैल करायला तेलच लागते. ही कल्पना नवीन नाही. प्राचीन ग्रीक व्यायामपटू अंगाला ऑलिव्ह तेल चोळून, नंतर घाम आणि धुळीसकट ते वाकड्या धातूच्या पट्टीने खरवडून काढत असत. म्हणजे ते तेल लावून ठेवत नव्हते, हे आजच्या वाचकाने लक्षात घ्यावे. बाजारातील तयार क्लिन्झिंग ऑइलपेक्षा मात्र हे तेल एका बाबतीत कमी पडते. तयार उत्पादनात पायसकारी द्रव्य, म्हणजे तेल पाण्यात मिसळू देणारा पदार्थ, मिसळलेले असते, त्यामुळे पाणी लागताच ते दुधासारखे होऊन वाहून जाते, तर नुसते ऑलिव्ह तेल पाण्याने जात नाही आणि त्यानंतर सौम्य फेसवॉश वापरावाच लागतो. डोळ्यांजवळ वापरल्यास काही काळ नजर धूसर होते, आणि कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढून ठेवाव्या लागतात.

आता सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत अवाजवी स्तुती झालेल्या उपयोगाकडे वळतो: त्वचेला मॉइश्चरायझर म्हणून हे तेल लावून ठेवणे. लावल्यानंतर लगेच त्वचा मऊ लागते, यात शंका नाही, पण तो मऊपणा तेलाच्या थराचा असतो. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या स्तरात पेशींच्या मध्ये मेदद्रव्यांची शिस्तबद्ध रचना असते, आणि ओलेइक आम्ल ती रचना विस्कळीत करते. औषध त्वचेतून आत शिरावे म्हणून औषधनिर्मितीत या आम्लाचा मुद्दाम उपयोग केला जातो, यावरून त्याच्या या स्वभावाची कल्पना यावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढ स्वयंसेवकांच्या हाताला काही आठवडे दिवसातून दोनदा ऑलिव्ह तेलाचे सहा थेंब लावण्यात आले, तेव्हा त्वचेच्या बाह्यस्तराची अखंडता कमी झाल्याचे आणि सौम्य लालसरपणा आल्याचे आढळले, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. सहभागी एकूण १९ च होते, म्हणून हा शेवटचा शब्द मानू नये. पण कारण समजण्याजोगे आहे आणि इशारा गंभीरपणे घेण्याजोगा आहे. ज्यांना एक्झिमा आहे, ज्यांची त्वचा सतत कोरडी पडून खाजते, त्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या पालकांनी हे तेल रोज लावून ठेवण्याचा मोह टाळावा असे मी स्पष्टपणे म्हणेन. निरोगी त्वचेच्या प्रौढ व्यक्तीने मालिशीसाठी ते वापरून नंतर स्नान करण्याला माझी हरकत नाही. मालिशीला लागणारी सरक त्यात भरपूर आहे. मुरुमांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्यावर ते रात्रभर ठेवणे शहाणपणाचे नाही. गर्भारपणातील स्ट्रेच मार्क टाळण्याचा जो दावा केला जातो, त्याला चाचण्यांचा आधार मिळालेला नाही. आणि उन्हापासून संरक्षण म्हणून ते लावणे तर सरळ चूक आहे; सनस्क्रीनचे काम कोणतेही खाद्यतेल करत नाही.

ओठ आणि नखांच्या कडेची त्वचा या दोन छोट्या जागा मी अपवाद मानतो. तिथे एखादा थेंब पुरतो.

केसांच्या बाबतीत निकाल संमिश्र आहे. धुण्यापूर्वी तासभर, केसांच्या मध्यापासून टोकापर्यंत लावलेले थोडे तेल केसांमधील घर्षण कमी करते, गुंता सुटायला मदत करते आणि चमक देते. हे तेल जाड असल्यामुळे मात्र एकदा शॅम्पू करून ते पूर्ण निघत नाही, आणि पातळ केस चापट दिसू लागतात. केस गळणे थांबते किंवा नवीन केस येतात, या दाव्याकडे दुर्लक्ष करावे. कोंड्यावर हे तेल लावण्याचा सल्ला मात्र मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. कोंड्याशी निगडित असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी मेदाम्लांवरच जगते, टाळूवरच्या तेलाचे विघटन करून ती ओलेइक आम्ल मोकळे करते, आणि ज्यांची टाळू संवेदनशील आहे त्यांच्यात तेच आम्ल पापुद्रे सुटण्याला कारण होते. या बुरशीच्या काही जाती प्रयोगशाळेत वाढवताना पोषक माध्यमावर चक्क ऑलिव्ह तेलाचा थर दिला जातो. ज्या आगंतुकाला घालवायचे, त्याच्यापुढेच पान वाढण्यासारखे हे आहे.

कानातील मळासाठी या तेलाला वैद्यकीय मान्यता आहे, आणि येथेही उद्देश मळ मऊ करून बाहेर काढणे हाच असतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा कानासाठी वैद्यकीय दर्जाच्या ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाचे दोन-तीन थेंब काही दिवस टाकण्याचा सल्ला देते. ते साध्या पाण्यापेक्षा किंवा इतर थेंबांपेक्षा खात्रीने सरस आहे असे मात्र चाचण्यांतून दिसलेले नाही. पडद्याला छिद्र असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर तेल घालू नये, आणि बाटलीतले स्वयंपाकाचे तेल कानात न टाकता औषधाच्या दुकानातील थेंब वापरावेत.

माझ्या मते अंगाला लावण्यासाठी या तेलाचे सर्वोत्तम रूप तेल नसून साबण हे आहे. तेलाची कॉस्टिक सोड्याशी प्रक्रिया झाली, की मेदाम्लांचे सोडियम क्षार म्हणजे साबण आणि ग्लिसरीन तयार होते. फ्रान्समधील मार्सेल शहराच्या साबणात केवळ ऑलिव्ह तेल वापरण्याची सक्ती राजा चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६८८ साली करण्यात आली होती. सीरियातील अलेप्पोच्या साबणात ऑलिव्ह तेलाबरोबर लॉरेल या झाडाच्या फळांचे तेल असते. तो साबण आणि पॅलेस्टाइनमधील नाबलुसचा साबण बनवण्याच्या परंपरा युनेस्कोने २०२४ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. केवळ ऑलिव्ह तेलाच्या साबणाकडून पहिल्या वापरात अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे, कारण त्याचा फेस कमी, बारीक आणि किंचित बुळबुळीत असतो, आणि पाण्यात पडून राहिला तर वडी मऊ पडते. वडी जितकी जुनी, तितकी ती कडक आणि सुखद, म्हणून ती काही महिने मुरू देतात; विकत घेताना ताजी वडी मिळाली तर घरी कोरड्या, हवेशीर जागी ठेवून द्यावी. हा साबणही अल्कधर्मी असतो, म्हणजे फार नाजूक त्वचेसाठी तो औषध नव्हे, पण फरशी पुसण्यापासून लोकरी कपडे धुण्यापर्यंत तो अनेक कामांना येतो. घरी तो करू पाहणाऱ्यांनी कॉस्टिक सोडा डोळ्यांना आणि त्वचेला गंभीर भाजू शकतो हे विसरू नये, आणि चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.

घरातील लाकडासाठी लिंबूरस आणि ऑलिव्ह तेल यांचे मिश्रण सुचवले जाते. पहिल्या दिवशी चमक डोळ्यांत भरते. नंतर धूळ बसून तोच पृष्ठभाग मळकट दिसू लागतो. वार्निश केलेल्या लाकडात तेल शिरतच नाही, आणि उघड्या लाकडात शिरलेले तेल सुकत नाही. लाकडी पाटांना आणि चमच्यांना संरक्षण द्यायचे असेल, तर अन्नासाठी सुरक्षित असे खनिज तेल किंवा मेणाचे मिश्रण वापरावे, कारण खनिज तेल खवट होत नाही. बिजागरीची कुरकुर ऑलिव्ह तेलाने तत्काळ थांबते, पण काही महिन्यांनी तिथे काळसर चिकटा जमतो. शिवणयंत्राचे तेल या कामाला अधिक योग्य आहे. चामडे तेलाने काळवंडते आणि डाग मागे राहतात. स्टीलच्या पृष्ठभागावर कापडाने अगदी पुसट हात फिरवला तर बोटांचे ठसे झाकले जातात, एवढे मान्य करायला हवे, मात्र जास्त झालेले तेल दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यावे.

दोन धोके मात्र या तेलाच्या कौतुकात हमखास गाळले जातात. पहिला, तेलाने लॅटेक्स कमकुवत होते, त्यामुळे लॅटेक्सच्या निरोधाबरोबर हे तेल वंगण म्हणून कदापि वापरू नये, आणि लॅटेक्सचे हातमोजे घालूनही ते हाताळू नये. दुसरा, तेल मुरलेले टॉवेल साध्या धुण्याने पूर्ण स्वच्छ होत नाहीत; असे कापड ड्रायरमध्ये तापवून गरम असतानाच घडी करून ढीग घातल्यास पेट घेऊ शकते, आणि ठिणगी पडल्यास ते साध्या कापडापेक्षा झपाट्याने जळते. न्हाणीघराच्या फरशीवर सांडलेले थेंब लगेच साबणाने धुवावेत.

प्रत कोणती घ्यावी, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक्स्ट्रा व्हर्जिन या सर्वांत वरच्या प्रतीच्या तेलाची मुक्त आम्लता (मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण) ०.८ टक्क्यांपर्यंत आणि त्याखालच्या व्हर्जिन प्रतीची २ टक्क्यांपर्यंत असते, तर शुद्धीकरण केलेल्या तेलाची ०.३ टक्क्यांपर्यंतच. ज्या ओलेइक आम्लाचा त्वचेला त्रास होतो, त्याचे मोकळे स्वरूप शुद्धीकृत तेलात सर्वांत कमी असल्यामुळे, मालिशीसाठी महागडी प्रत घेण्याचा आग्रह मला निरर्थक वाटतो. एक्स्ट्रा व्हर्जिनचा सुगंध आणि किंचित तिखटपणा यांची किंमत जिभेला कळते, कातडीला नाही. तेल कोणतेही असो, ते गडद काचेच्या बाटलीत, उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवावे, कारण त्यातील हरितद्रव्य प्रकाशात तेल खराब होण्याचा वेग वाढवते. जुन्या मेणखडूसारखा किंवा शिळ्या अक्रोडासारखा वास येऊ लागला, की ते त्वचेसाठी बाद समजावे. गोंद काढायला ते तरीही चालते. फ्रिजमध्ये गोठले म्हणजे तेल अस्सल, ही परीक्षा मात्र विश्वासार्ह नाही: अस्सल तेलही प्रत्येक वेळी सारखे गोठत नाही, आणि भेसळीचे तेल गोठूही शकते.