साठीनंतर तानपुरा, एम.ए. की सल्लागारी?

वडोदऱ्यात निवृत्त झालेल्या मराठी माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. त्यातली एक मी लगेच बाजूला काढतो: जुन्याच कारखान्यात सल्लागार म्हणून जाणं. पैसे मिळतात, मान टिकतो, पण तो जुन्या खुर्चीचा मान. घरखर्चाला हातभार हवा असेल तर जरूर करा.

खरी निवड गाणं आणि पदवी यांत.

गाण्याला हे गाव मानवतं. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. तीच आज सूरसागराजवळची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. पण साठीत पूर्णवेळ कोर्सच्या मागे कशाला लागता? दांडिया बाजारच्या बाजूला एखादा घरगुती क्लास शोधा आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या. मध्यमेपर्यंत पोचलात तरी मैफल वेगळी ऐकू येऊ लागते. अडचण आवाजाची. दम पुरत नाही, तार षड्ज, म्हणजे वरचा सा, डळमळतो. अशा वेळी गुरूंना पट्टी उतरवायला सांगा. पेटीवरची काळी एक पट्टी सोडून पांढरी एकवर गाण्यात कसला कमीपणा? गळा अगदीच साथ देईना तर पेटी. बोटं आखडत असतील तर तबल्याचा हट्ट मात्र नको.

आता पदवी. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एम.ए.ला वरची वयोमर्यादा नाही. किमान दोन वर्षं, कमाल चार. इतिहासाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, म्हणजे आयुष्यभर हिशेब तपासलेल्यालाही दार उघडं. परीक्षा जून आणि डिसेंबरात. स्वाध्याय मात्र स्वतःच्या हातानं पानंच्या पानं लिहायचे, आणि सह्यांपलीकडे पेन न चाललेली मंडळी तिथेच कंटाळतात. शिवाय अभ्यास बराचसा एकट्यानं. चार दिवस पुस्तक उघडलं नाही तरी विचारायला कुणी येत नाही.

म्हणून मी आधी घर बघतो. मुलं परदेशी, घरात दोघं किंवा एकटंच माणूस असेल तर गाणं घ्या. क्लास चुकला की गुरूंचा फोन येतो. घर नातवंडांनी भरलेलं असेल तर एम.ए. घ्या. ‘परीक्षा आहे’ म्हणून दार लावून बसायची सोय आजोबांना दुसऱ्या कशानं मिळणार? (आजींना तर ती जास्तच हवी.)

दोन्हींत जीव अडकत असेल तर आधी क्लास. तिथे महिन्याची फी भरून पाहता येतं. इग्नूत वर्षाची एकदम भरावी लागते, आणि प्रवेश जानेवारी, जुलै असे दोनदा असतात.