'रेकॉर्डेड अटॅक्स': काही महिने उशाशी ठेवल्यावर

हे पुस्तक तासाभरात वाचून होतं, पण ते तसं वाचू नये. एका रात्री एकच प्रकरण वाचावं आणि दुसऱ्या दिवशी त्या काळाचा खरा इतिहास उघडून बसावं. मी गेले काही महिने असंच वाचत आलोय आणि पुस्तक अजून कपाटात गेलेलं नाही.

मॅक्स ब्रूक्स यांच्या २००३ सालच्या 'द झोंबी सर्व्हायव्हल गाइड'च्या शेवटी इतिहासातल्या झोंबी-हल्ल्यांच्या नोंदी आहेत. नोंदी काल्पनिक, पण अगदी सनावळीसकट. त्यातल्या निवडक नोंदींवरून २००९ मध्ये 'रेकॉर्डेड अटॅक्स' हे ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेलं पुस्तक, आलं. चित्रं ब्राझीलच्या इब्राइम रॉबर्सन यांची, सगळी काळ्या शाईत. सलग कथा किंवा नायक नाही. माणसं फारशी बोलत नाहीत, निवेदकच कोरड्या आवाजात सांगत जातो. सोलॅनम नावाचा विषाणू, चावा, आणि मेंदू नष्ट झाल्याशिवाय न थांबणारं प्रेत. हा एकच नियम अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंत चालतो. हे झोंबी धावत नाहीत. ते सावकाश येतात, आणि तेवढ्या वेळात माणसं काय करतात तेच ब्रूक्स यांना दाखवायचं आहे.

कल्पना कुठे रोवायची याची त्यांची नजर पक्की आहे. रोमन काळातली कथा घ्या. सन १२१, ठिकाण फॅनम कोसिडी. हे गावठाण कल्पनेतलं नाही, इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या ब्यूकासलला तो रोमन किल्ला होता. १२२ मध्ये सम्राट हेड्रियन स्वतः ब्रिटनमध्ये आला आणि सुमारे ११७ किलोमीटर लांबीच्या त्या प्रसिद्ध भिंतीचं काम सुरू झालं. कथा बरोबर त्याच्या आदल्या वर्षी घडते. पहिल्या प्रकरणातलं कटांडाही खरंच आहे. काँगोतल्या सेमलिकी नदीकाठच्या या जागी हाडांची अतिप्राचीन हार्पून (मासे मारायचे काटेरी भाले) सापडली आहेत. इजिप्तमधलं हिएराकोनपोलिस म्हणजे जिथे नार्मर राजाची शिळा मिळाली ते. एवढं माहीत झाल्यावर तीच पानं पुन्हा उघडली की वेगळीच धास्ती वाटते.

पण पुस्तकाचा खरा जीव पुढच्या तीन कथांत आहे.

सायबेरिया, १५८३. रशियाकडून सायबेरियावर चाल करून गेलेल्या येर्माकच्या कॉसॅक (सरहद्दीवरचे लढवय्ये) टोळीतले काही जण वाट चुकून उपाशी पडतात. स्थानिक वस्ती त्यांना आसरा देते. अंगात ताकद आल्यावर हे पाहुणे गावाचेच मालक होतात, धान्य संपवतात, मग माणसं खातात, आणि शेवटी दफनभूमी उकरायला घेतात. बर्फात टिकलेलं, हातपाय बांधून पुरलेलं एका तरुणीचं प्रेत ते शेकोटीजवळ आणतात. पुढचं सांगत नाही. झोंबी येण्याआधीच माणसाने माणूस खाल्लेला असतो, हे रॉबर्सन यांनी चेहऱ्यांतून असं काही दाखवलंय की दर वेळी ते पान उलटताना माझा हात थांबतो.

दुसरी कथा गुलामांच्या पोर्तुगीज जहाजाची. पश्चिम आफ्रिकेतून ब्राझीलकडे निघालेलं. जहाजाच्या पोटात साखळदंडांनी बांधलेली माणसं, त्यात एकाला लागण झालेली. शेजाऱ्याला पळता येत नाही, त्याच्या शेजाऱ्यालाही नाही. अटलांटिकच्या या व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली १५ ते २० लाख किनारा दिसण्याआधीच मेली. हा आकडा डोक्यात ठेवून ती पानं पाहिली की विषाणूची गरजच उरत नाही.

तिसरी सेंट लुसिया बेटाची. धोका आधी ओळखतात ते कृष्णवर्णीय रहिवासी, पण त्यांचं कोण ऐकणार? पुढे बेट वाचवतात तेच, आणि त्यांना बक्षीस काय मिळतं ते वाचून मन विटून जातं. ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या भांडणात हे बेट सुमारे १४ वेळा हातबदल झालेलं. त्या ओढाताणीत तिथल्या गुलामांना कोणी विचारलं नव्हतं. झोंबीची कल्पना मुळात हैतीतल्या ऊस-मळ्यांच्या गुलामगिरीतून पुढे आली. मेल्यावरसुद्धा सुटका नाही, मालकासाठी राबतच राहायचं, ही ती भीती. नंतरच्या मांसखाऊ झोंबींमध्ये ती पुसट झाली. या दोन कथांत ती परत आपल्या जागी येते, आणि माझ्या मते पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

उणिवा आहेत. निवेदनाचा सूर सगळीकडे सारखाच, त्यामुळे सलग वाचल्यास कंटाळा येतो. एकाही माणसाचं नाव लक्षात राहत नाही. इजिप्तची कथा दुसऱ्या वाचनात पोकळ वाटली. जपानच्या कथेत तलवारी देखण्या, पण बाकी हाती फार काही लागत नाही. फ्रेंच परदेशी पलटणीच्या (फ्रेंच सैन्यातली परदेशी शिपायांची तुकडी, 'फॉरेन लीजन') वाळवंटी किल्ल्याची कथा मात्र याला अपवाद. वेढा उठतच नाही, दिवस जातच नाहीत, आणि तो कोंडमारा चौकटींच्या मांडणीतूनच अंगावर येतो.

फोनवर वाचू नका. रॉबर्सन यांची काळी शाई आणि बारीक रेषा कागदावरच उठून दिसतात; पडद्यावर पान मोठं करत बसलं की चौकटींची लय तुटते. इंग्रजी सोपं आहे, कॉलेजमधल्या मुलांना अडणार नाही. लहान मुलांच्या हाती मात्र अजिबात देऊ नये. फाटलेली शरीरं आहेत, पण त्याहून जड आहेत ती जहाजातली आणि बर्फातली पानं. माझी भाची इतिहासाची विद्यार्थिनी आहे. तिने वाचून पहिला प्रश्न विचारला, "मामा, येर्माक खरा होता का?" होता. १५८५ मध्ये तो इर्तिश नदीत बुडून मेला असं मानतात. त्यानंतर तिने सायबेरियाच्या वसाहतीवर मिळेल ते वाचायला घेतलं.

नव्याने घेणाऱ्यांनी क्रम पाळायची गरज नाही. आधी सायबेरिया, मग रोमन, मग वाळवंटातला किल्ला. जहाज आणि सेंट लुसिया एकापाठोपाठ वाचा, दोन वेगवेगळ्या रात्री.