नव्या गाडीचा भाव ठरवताना काय मिळवलं, काय सोडलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात गाडी घेतली. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल, एक्स-शोरूम (म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून) साधारण ९ लाख. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते कुठल्याही शोरूमला लागू पडतं. मायलेज आणि सस्पेन्शनवर भरपूर लिहिलं जातं. मला लिहायचंय ते वेगळं: भाव करताना जे पदरात पाडून घेतलं आणि जे सोडून दिलं, त्यातलं काय आज खरंच उपयोगी पडतंय.

एक्स-शोरूम किमतीवर डोकं घालवू नका. ती कंपनी ठरवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तो सगळ्यांना सारखाच. रोड टॅक्सही ठरलेला. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ९ लाखांवर ९९ हजार. घासाघीस करायला जागा आहे ती या दोन रकमांच्या खाली: विमा, हँडलिंग, अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, वॉरंटी.

पहिलं कोटेशन ब्रोशरच्या पाठीवर पेनने लिहून मिळालं. ऑन-रोडचा, म्हणजे सगळं धरून, एकच आकडा आणि त्याखाली दोन रेघा. मी म्हटलं, ‘प्रत्येक रक्कम सुटी लिहून छापील द्या.’ सेल्समन मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सिस्टिममध्ये असंच येतं.’ मी बसून राहिले. चहा आला, मग टीम लीडर आले, आणि शेवटी सुटं कोटेशन हातात आलं. त्यात ‘आरटीओ’ या नावाखाली रोड टॅक्सपेक्षा आठ-नऊ हजार जास्त लावले होते. नोंदणी फी ६०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १५००, टपालाचे किरकोळ. नंबर प्लेटचे वेगळे पैसे नाहीत, १ एप्रिल २०१९ पासून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) गाडीबरोबर कंपनीकडूनच येते. मग बाकीचे कसले? ‘हँडलिंग आणि पासिंगचा खर्च.’ मी शांतपणे सांगितलं, ‘ज्याची आरटीओची पावती मिळेल तेवढेच देईन.’ ती रक्कम निघाली. आवाज चढवावा लागला नाही, आणि चढवूही नये. समोरचा मुलगा महिन्याचं टार्गेट गाठायला धडपडत असतो, त्याच्याशी नीट बोललं तर तोच पुढे मॅनेजरकडे तुमची बाजू मांडतो.

सगळ्यात जास्त पैसे वाचले ते विम्यात. शोरूमने ४६ हजारांच्या घरातला विमा लावला होता. थर्ड पार्टीचा भाग (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) कुठेही घ्या, दर सरकारने ठरवलेला आहे: १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे मिळून १०,६४० रुपये, वर जीएसटी. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. तोच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झीरो डेप (क्लेममध्ये भागांची घसारा-कपात न होणं) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचं जादा कवच) धरून बाहेर ३१ हजारांत पॉलिसी मिळत होती. त्यात जुन्या गाडीचा ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) अजून धरलाच नव्हता! हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून तिची मालकी बदलली की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं आणि ते नव्या गाडीला लावायचं. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगितलं नाही.

बाहेरून विमा घेणार म्हटल्यावर दोन गोष्टी ऐकवण्यात आल्या. कॅश डिस्काउंट पाच हजारांनी कमी होईल आणि कॅशलेस (दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणं) मिळणार नाही. पहिली खरी होती, तरी एकूण बेरजेत माझाच फायदा होता. दुसरीची परीक्षा मे महिन्यात झाली. चांदणी चौकात मागून टेम्पोने ठोकलं; बंपर, टेल लॅम्प आणि डिकीचा दरवाजा गेला. कंपनीच्याच अधिकृत वर्कशॉपला गाडी लावली. तिथे माझ्या विमा कंपनीचं टायअप होतं, त्यामुळे कॅशलेस विनातक्रार झालं. ३८ हजारांच्या बिलात माझ्या खिशातून १००० रुपये गेले, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढे आपल्याला भरावेच लागतात. झीरो डेप नसतं तर प्लास्टिकच्या भागांचा निम्मा खर्च मलाच पडला असता. आता नूतनीकरणात एनसीबी शून्यावर येणार. म्हणून बिल चार-पाच हजारांचं असेल तर क्लेम करू नये, या मताची मी आहे. विमा घेण्याआधी आपल्या वर्कशॉपला फोन करून कोणत्या कंपन्यांचं कॅशलेस चालतं ते विचारा.

अ‍ॅक्सेसरीजचा पॅक नाकारला. मॅट आणि मडफ्लॅप बाजारातून घेतले, पावसाळाभर टिकले. टेफ्लॉन कोटिंगही घेतलं नाही. महिन्यातून एकदा वॅक्स करते, रंगाला काही झालेलं नाही.

जुनी गाडी एक्सचेंजला देताना एक्सचेंज बोनस आणि गाडीची किंमत हे दोन आकडे वेगळे मागा. मला बोनस छान दाखवला होता, पण गाडीचा भाव बाहेरच्यापेक्षा कमी लावला होता, म्हणून ती बाहेर विकली.

डिसेंबरमध्ये सूट चांगली मिळते त्याचं कारण सरळ आहे. १ जानेवारीला शोरूममधली गाडी मागच्या वर्षीची होते. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पासिंग जानेवारीत करून ते बदलत नाही. तीन-चार वर्षांत गाडी विकणाऱ्यांनी याचा विचार करावा. मी गाडी दहा-बारा वर्षं वापरते, त्यामुळे सूट घेतली. मात्र पूर्ण पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन चॅसी नंबर, उत्पादनाचा महिना, किलोमीटर आणि टायरवरचा चार आकडी कोड पाहिला. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाहिलेलाच चॅसी नंबर इन्व्हॉइसवर आहे ना, हे जुळवूनच उरलेली रक्कम पाठवली.

एक्स्टेंडेड वॉरंटी तेव्हा घेतली नाही. माझ्या गाडीच्या कंपनीत ती मूळ वॉरंटी संपेपर्यंत घेता येते, फक्त उशीर केला की दर वाढतो. पहिल्या वर्षाच्या आत घेण्याचा विचार आहे. त्याचंही सुटं कोटेशन मागवलंय.